सीडीत काही राहून गेलं होतं का?

प्रिय ताई,

मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, पुण्यात कोथरूडला राहतो. गाण्याचं वेड कॉलेजपासूनचं. पगारातून बाजूला काढून घेतलेल्या तीनेकशे सीडी कपाटात आहेत. बहुतेक शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत. सवाई कधी चुकवत नाही. मध्यंतरी अ‍ॅम्प्लिफायर बिघडला म्हणून एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने अदबीने बसवलं आणि एकच बंदिश आधी सीडीवरून, मग 'हाय-रेझ' फाइलवरून ऐकवली. ताई, फरक होता. दुसऱ्या वेळी तानपुरा अंगावर आला. तो म्हणाला, "काका, सीडीत आवाजाचे तुकडे असतात, मधलं सगळं गाळलेलं असतं. तुम्ही आजवर अर्धंच गाणं ऐकलंत." स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र), डॅक (डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र) आणि केबली मिळून पावणेदोन लाख सांगितले. भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मामा, सगळी थापेबाजी आहे. एमपीथ्री काय आणि हे काय, कुणालाच फरक कळत नाही." हिचं म्हणणं, हौस असेल तर घ्या, पण रात्री तळमळत बसू नका. पैशांचा प्रश्न आहेच, पण खरं सांगायचं तर ते 'अर्धंच गाणं' डोक्यातून जात नाही. खरंच सीडीत काही राहून गेलं होतं का?

ता. क. माझ्या काकांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बैठकी व्हायच्या. त्यांच्या तीसेक कॅसेट माझ्याकडे आहेत. त्या संगणकावर घ्यायच्या तर हाय-रेझमध्येच घ्याव्यात का?

— एक श्रोता, कोथरूड

काका, नमस्कार.

नाही, काहीही राहून गेलेलं नाही. तुमच्या सीडीत गाणं पूर्ण आहे. माणसाच्या कानाला जे ऐकू येतं ते सगळं त्या चकतीवर मावतं, आणि वर थोडी जागा उरते. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. माझं सगळं काम रेकॉर्डिंगचं आहे, आणि या प्रश्नावर आजवर जी मोजमापं नि चाचण्या झाल्या त्यांच्या आधारावर सांगते. तेव्हा या कारणासाठी पावणेदोन लाख घालू नका. मात्र भाच्याचंही सगळं खरं नाही, आणि शोरूममध्ये तुम्हाला जाणवलेला फरक हा भास नव्हता. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ते 'तुकडे'. सीडीचं प्रमाण सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलं आणि पहिले प्लेअर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आले. सीडीसाठी आवाजाची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी १६ बिटच्या आकड्यात लिहितात. हाय-रेझ म्हणजे याहून जास्त. सहसा २४ बिट, आणि सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० मोजण्या. आकडे दुप्पट-चौपट दिसले की आवाजही तेवढ्याच पटीने सुधारत असणार असं कुणालाही वाटेल. त्यात दुकानातल्या पत्रकांवर एक चित्र असतं. सीडीची लहर पायऱ्यापायऱ्यांची आणि हाय-रेझची गुळगुळीत. ते चित्र चुकीचं आहे. सीडी प्लेअरच्या मागच्या जॅकला ऑसिलोस्कोप, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून बघितलात तर पायरी कुठेच दिसत नाही, सलग वळणदार लहर दिसते.

असं का होतं ते शाळेतल्या भूमितीवरून कळेल. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांतून एकच वर्तुळ जातं. आणखी पन्नास बिंदू दिल्याने ते वर्तुळ जास्त गोल होत नाही. ध्वनिलहरीचंही तसंच आहे. तिच्यात सर्वांत वरची जी कंपनसंख्या असेल तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजणी केली, की त्या बिंदूंतून जाणारी लहर एकच उरते आणि ती मूळचीच असते. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या कामात याचं मूळ आहे आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते सिद्धतेसह मांडलं. दोन मोजण्यांच्या मधलं 'गाळलेलं' नसतं. प्लेअरमधली चिप ते तंतोतंत परत काढते.

माणसाचा कान, तोही तरुण आणि निरोगी, साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत, ऐकतो. ४४,१०० चं निम्मं २२,०५०, म्हणजे कानाच्या वरच. आता हे गाण्यात बसवून बघा. काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तार षड्ज २७७. आवाजाचा पोत, तानपुऱ्याची जवारी (तारांची ती झणझणती गुंज), तबल्याच्या चाटीची धार हे सगळं त्या मूळ स्वराच्या वर उभ्या असलेल्या उपस्वरांमुळे असतं. पण त्या १३९ च्या षड्जाचे उपस्वर मोजत २०,००० पर्यंत जायचं तर १४० च्या वर उपस्वर मागे टाकावे लागतात. जवारीचा सगळा झगमगाट त्याच्या कितीतरी आधी होऊन जातो. त्याच्याही पलीकडचं, ९६ हजार किंवा १९२ हजारांच्या फाइलमध्ये जे जास्तीचं मावतं, ते वटवाघळाला ऐकू येईल, आपल्याला नाही. साठी ओलांडली की बहुतेकांना बारा-तेरा हजारांच्या वरचंही फारसं ऐकू येत नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नका. संगीत जिथे राहतं तो भाग त्याच्या खूप खाली आहे.

हाय-रेझवाल्यांच्या बाजूची एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुरुवातीच्या बऱ्याच सीडी प्लेअरमध्ये २०,००० च्या वरचं कापणारा फिल्टर फार तीव्र उताराचा असे आणि काही प्लेअर खरंच कर्कश वाटत. पुढे ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे प्लेअरने मधल्या मोजण्या स्वतः काढून सौम्य फिल्टर वापरणं, सर्रास झालं आणि तो प्रश्न सुटला. सीडीबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचा उगम त्या काळातला आहे.

आता १६ आणि २४ बिट. बिट वाढले की आवाज 'बारीक' किंवा 'जास्त खरा' होत नाही, फक्त तळाशी असलेली खरखर आणखी खाली जाते. १६ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि ती खरखर यांत साधारण ९६ डेसिबलचं अंतर असतं. तुमच्या हॉलचा ढोबळ हिशोब करा. रात्री, खिडक्या बंद, पंखा मंद, तरी ३५ डेसिबलचा गलबला असतोच. त्यावर ९६ चढवले की १३० च्या वर गेलात, म्हणजे कान दुखण्याची पातळी गाठलीत. सीडीचं अंतर सबंध वापरायचं म्हटलं तरी घरी शक्य नाही, मग २४ बिटचं त्याहून मोठं अंतर ऐकायचं कुठे? शिवाय तुमच्या संग्रहातली बरीचशी रेकॉर्डिंगं मुळात टेपवरची असणार. चांगल्या स्टुडिओ टेपचं हे अंतर ६० ते ७० डेसिबलच्या आसपास असतं. त्या टेपची सूं अशी जी खरखर सीडीवर ऐकू येते, ती सीडीच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते. तीच टेप २४ बिटमध्ये घेतली की ती सूंच अधिक काटेकोरपणे नोंदवली जाते. ७८ च्या तबकडीवरच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यावर 'हाय-रेझ'चा शिक्का बघितला की मला वाईट वाटतं. जुनं गाणं मनापासून जपणाऱ्या माणसाला त्या शिक्क्यात काहीच मिळत नाही.

गणित झालं, पण कान काय म्हणतात? दोन अभ्यास सांगते. २००७ मध्ये मायर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग मांडला. हाय-रेझ डिस्कचा आवाज कधी थेट, तर कधी मधे सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून ऐकवायचा, आणि कोणता कुठला ते ओळखायला लावायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून हेच झालं असतं. त्यावर आक्षेपही आला, की वापरलेल्या काही डिस्क मुळात खऱ्या हाय-रेझ नव्हत्या, आणि आक्षेप वाजवी आहे. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांची, १२ हजारांहून जास्त उत्तरांची एकत्र छाननी केली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे निव्वळ अंदाजापेक्षा किंचित जास्त, आणि कान तयार केलेल्या लोकांत त्याहून बरंच जास्त. तेव्हा 'फरक शून्य' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण शांत खोलीत, शिकवून तयार केलेल्या कानांना, मान खाली घालून ऐकल्यावर जो फरक जेमतेम सापडतो, तो शोरूममध्ये पहिल्याच झटक्यात 'अंगावर' येणारा फरक असू शकत नाही.

मग तुम्ही ऐकलंत ते काय होतं? मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं.

पहिला संशय आवाजाच्या पातळीवर. सीडी प्लेअरच्या साध्या जॅकमधून सहसा २ व्होल्ट निघतात, महागड्या डॅकच्या बॅलन्स्ड जोडणीतून पुष्कळदा ४ व्होल्ट. हा ६ डेसिबलचा फरक झाला, आणि अ‍ॅम्प्लिफायरने तो सांभाळून घेतला नाही तर तो थेट कानावर येतो. एखाद-दुसरा डेसिबल वाढला तर माणसाला 'मोठा झाला' असं वाटतच नाही, 'चांगला झाला', 'मोकळा झाला' असं वाटतं. यामागे कानाचा एक जुना स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये तो मोजून दाखवला. आवाज हळू असतो तेव्हा खर्ज आणि अगदी वरचे स्वर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की ते भराभर वर येतात. गवयाचा गळा मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे त्याच्यात फार बदल वाटत नाही. पण मागे मंद वाजणाऱ्या तानपुऱ्याचा खर्ज आणि जवारी दोन्ही एकदम पुढे येतात. तुम्ही नेमकं तेच लिहिलंय, तानपुरा अंगावर आला. तुमच्या कानाने बरोबर ओळखलं. कारण मात्र त्या मुलाने चुकीचं सांगितलं.

दुसरा संशय मास्टरिंगवर, म्हणजे विक्रीआधी रेकॉर्डिंगवर जो शेवटचा हात फिरवतात त्यावर. बंदिश एकच असली तरी सीडी आणि ती फाइल एकाच मास्टरवरून निघाली असतील असं नाही. नव्याने काढताना कुणीतरी मूळ टेप पुन्हा नीट वाजवलेली असते, आवाजाचा तोल बदललेला असतो, कधी कॉम्प्रेशन लावून, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी करून, मागची वाद्यं वर उचललेली असतात. चित्रपटसंगीत आणि पॉपमध्ये याच्या उलटही घडतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सीडी जास्तीत जास्त मोठ्या वाजाव्यात म्हणून दाबून काढण्याची चढाओढ लागली, आणि हाय-रेझ आवृत्ती कानसेनांसाठी म्हणून जरा हलक्या हाताने केलेली असते. अशी आवृत्ती खरोखर चांगली वाजते. मायर आणि मोरान यांनीही नोंदवलंय की त्या डिस्क ऐकायला सुरेख होत्या. पण तो सुरेखपणा सीडीच्या टप्प्यातून गेल्यावरही तसाच राहिला. त्यामुळे एखाद्या मैफलीची नवी, काळजीपूर्वक केलेली आवृत्ती आली तर जरूर घ्या. बिटचे आकडे बघून नको, काम कुणी केलंय आणि मूळ टेपवरून केलंय का ते बघून घ्या.

तिसरं, ते स्पीकर आणि ती खोली. याकडे नंतर येते.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर भाच्याला कामाला लावा. एक खरी हाय-रेझ फाइल घ्या, शक्यतो गेल्या काही वर्षांत मुळातच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये (सेकंदाला ९६,००० मोजण्या) रेकॉर्ड झालेल्या मैफलीची. तिचीच १६ बिट ४४.१ ची प्रत त्याला संगणकावर करायला सांगा. आता मास्टर एक, पातळी एक, फरक फक्त फॉरमॅटचा. फूबार २००० नावाचा फुकट प्लेअर आहे, त्यात एबीएक्स नावाची जोड बसवता येते. ती न सांगता कधी ही, कधी ती प्रत लावते आणि तुमचं उत्तर नोंदवत जाते. सोळा वेळा करा. मधे चहा घ्या, कान थकू देऊ नका. बारा किंवा त्याहून जास्त बरोबर आली तर तुम्हाला फरक कळतो असं मानायला हरकत नाही, कारण नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. कमी आली तर प्रश्न मिटला, आणि तोही तुमच्या घरात, तुमच्या कानांनी मिटला.

त्याच बैठकीत भाच्याला त्याच्या विधानाचीही परीक्षा द्यायला लावा. सेकंदाला ३२० किलोबिटच्या एमपीथ्रीत आणि सीडीत फरक ओळखणं खरंच कठीण आहे, तिथवर तो बरोबर आहे. पण गाण्याच्या ग्रुपवर फिरत असलेल्या ६४ किंवा ९६ किलोबिटच्या फाइली? तिथे एमपीथ्री उघडी पडते. तबल्याची चाटी ऐका. थाप पडण्याच्या किंचित आधीच एक सुरसुर येते आणि टणत्कार बोथट होतो. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे खंड करून त्यांतलं ऐकू न येणारं टाकते, आणि अचानक येणारा आघात आला की त्याची चूक त्या खंडभर, आघाताच्या आधीही पसरते. तानपुऱ्याला वेगळा रोग होतो. एकसंध चालणारी जवारी पाण्याखालून येतेय अशी हलायला लागते. आपलं संगीत या दोन वाद्यांवर उभं आहे, त्यामुळे दाबलेल्या फाइलींचा फटका आपल्याला जास्त बसतो. तुम्ही मोबाइलवर अशा फाइली ऐकत असाल तर त्या आधी बदला, तो फरक तुमच्या रोजच्या ऐकण्यात पहिल्या दिवसापासून कळेल.

हेडफोनचं थोडक्यात. ब्लूटूथवर हाय-रेझच्या मागे लागू नका. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, २४ बिट १९२ ला ९,२१६, आणि ब्लूटूथवरची सोनीची गाजलेली एलडॅक पद्धत जास्तीत जास्त ९९० देते, तीही दाबूनच. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता येणारा आवाज, सुरू केलं तेव्हा स्वतःच सांगितलं की ब्लूटूथवरून ते लॉसलेस पोचत नाही. सेवा घ्यायचीच तर लॉसलेस म्हणजे सीडीइतका दर्जा असला की पुरे.

आता पैसे. तुमच्या जागी मी असते तर पहिल्यांदा तो बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर तपकीर गल्लीतल्या एखाद्या जुन्या, हात बसलेल्या कारागिराकडे नेला असता. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा कपॅसिटर सुकलेले असतात किंवा आवाजाचं बटण खरखरत असतं, आणि ते थोडक्यात दुरुस्त होतं. डॅक हवाच असेल तर काही हजारांतलाही आज इतका स्वच्छ आहे की त्याच्या पुढे घातलेल्या पैशाचा फरक कानाला लागत नाही. केबलींवर जास्तीचा एक रुपया घालू नका.

ऐकण्यातला खरा फरक स्पीकर आणि खोली घडवतात, आणि तो डेसिबलच्या दशांशात मोजायचा नसतो, धडधडीत असतो. पुण्यातल्या फ्लॅटचे हॉल आवाजाला कठोर असतात. खाली गुळगुळीत फरशी, सपाट भिंती, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. हॉलच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे तारेसारखा झिणझिणाट ऐकू आला तर तो तुमच्या प्रत्येक सीडीत मिसळतोय असं समजा. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामधे जाडसर गालिचा टाका, खिडकीला जाड पडदा लावा, पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट आणा आणि पुन्हा टाळी वाजवा. स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवलेले असतील तर दोन फूट पुढे ओढा. खोली दहा फूट रुंद असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्या दोन भिंतींत घुमत राहतो, आणि डग्गा म्हटलं की नुसता घुम्म ऐकू येतो. खुर्ची खोलीच्या बरोब्बर मधे किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नका, थोडी पुढेमागे सरकवत बघा, डग्ग्याची मींड कुठे मोकळी होते ते तुम्हालाच सापडेल. एवढं सगळं झाल्यावर पैसे उरले आणि हौस असली, तर स्पीकर बदला, आणि घरी आणून आठवडाभर ऐकून मगच ठेवून घ्या.

एक काम मात्र आधी करा. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन ऐकण्याची तपासणी करून घ्या. साठीनंतर ती करावीच. दोन कानांत फरक असेल किंवा ३,००० ते ८,००० च्या पट्ट्यात घट असेल तर शब्द आणि जवारी दोन्ही अंधूक होतात, आणि ते कोणत्याही यंत्राने भरून निघणार नाही. कधी नुसता कानातला मळ निघाला तरी केवढं ऐकू यायला लागतं!

आता तुमचा ता. क. तिथे उत्तर 'हो' आहे, आणि घाईने 'हो' आहे.

ऐकायला १६ बिट पुरतात, पण ध्वनिमुद्रण करताना २४ बिट खरोखर उपयोगी पडतात. गवई आलापीत जेमतेम कुजबुजतो आणि दोन मिनिटांत तार षड्जावर पूर्ण गळा उघडतो. तेव्हा पातळी फुटू नये म्हणून आम्ही मुद्दाम पंधरा-वीस डेसिबल मोकळे सोडून रेकॉर्ड करतो. १६ बिटमध्ये ती मोकळी जागा खरखरीच्या जवळ नेते, २४ मध्ये काही बिघडत नाही. कॅसेट उतरवतानाही तेच. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. ध्वनिसंग्रह जपणाऱ्यांच्या आयासा या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या टेपांसाठी किमान एवढंच मान सांगितलंय. ९६ ही त्यांची शिफारस आहे, आणि डिस्कवर जागा असेल तर जरूर वापरा. कॅसेटवर तितकं वरचं संगीत नसतं, पण पुढे कुणी टकटक, खरखर काढायला बसेल त्याला ती माहिती कामी येते. ४८ ने नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दीडेक जीबी लागतात, तीस कॅसेट पन्नास जीबीच्या आत. सर्वांत मोठी तान किंवा टाळ्या मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास थांबतील अशी पातळी लावा आणि मग हात लावू नका.

पण यातलं बरंचसं यश डेकवर ठरतं. जुन्या बाजारात किंवा ओळखीत चांगल्या कंपनीचा डेक मिळेल, तो आधी कारागिराकडून पट्टे बदलून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रत्येक कॅसेटनंतर पुन्हा पुसा. कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेच्या दोन टिकल्या तोडलेल्या आहेत ना ते बघा, नाहीतर चुकून बटण दाबलं जाऊन चाळीस वर्षांपूर्वीची बैठक पुसली जाईल. मधल्या फटीतला छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. तो दुसऱ्या कोऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो. फितीवर पांढुरकी बुरशी दिसली, पुण्याच्या पावसाळ्यात ती धरतेच, तर ती कॅसेट अजिबात वाजवू नका, माहीतगार माणसाकडे द्या. एका कॅसेटची बुरशी डेकमधून बाकीच्या सगळ्यांना लागते.

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, अ‍ॅझिमथचा. ज्या रेकॉर्डरवर बैठक रेकॉर्ड झाली त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकसारखा असेलच असं नाही, आणि जरा फरक पडला की वरचे सगळे स्वर मरतात. हेडफोन लावून, डावा आणि उजवा आवाज एकत्र (मोनो) करून, तो स्क्रू केसभर इकडेतिकडे फिरवत ऐका. एका जागी जवारी लख्ख उघडते. तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे करा. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करण्याचं, बटण बंद ठेवा. घरगुती रेकॉर्डिंगला डॉल्बी क्वचितच लावलेलं असे.

आणि पट्टी तपासा. ते गवई काळी एकमध्ये गात हे तुम्हाला ठाऊक असेल आणि कॅसेट पांढरी दोनला वाजत असेल, तर वेग चुकलाय, तुमच्या डेकचा किंवा मूळ रेकॉर्डरचा. सगळ्याच कॅसेट चढ्या वाजल्या तर डेक दुरुस्त करा, एखादीच चढी असेल तर फाइल झाल्यावर संगणकात वेग उतरवा. मूळ फाइल मात्र जशी आली तशी वेगळी ठेवा. ती पुन्हा कधीही साफ करता येते, कॅसेट पुन्हा वाजेल याची खात्री नाही. एक प्रत घरी, एक भाच्याकडे, एक आणखी कुठेतरी दुसऱ्या डिस्कवर.

हे पावसाळ्याआधी सुरू करा. उतरवताना शेजारी बसा आणि प्रत्येक फाइलसोबत लिहून ठेवा: कोण गायलं, राग कोणता, तबल्याला आणि पेटीला कोण होतं, श्रोत्यांतून दाद देणारा आवाज कुणाचा. कॅसेटच्या कव्हरवर काकांच्या अक्षरात जे लिहिलंय त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. नावं आठवत नसतील तर त्या बैठकींना येणारं जे कुणी अजून आहे त्यांना फाइल पाठवून विचारा, आणि लवकर विचारा.